रूममेट रोज पितोय, सकाळी म्हणतो काही झालंच नाही: मी काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी आणि माझा रूममेट पहिल्या वर्षापासून एकत्र राहतो. आता तिसऱ्या वर्षाला आहोत. आधी तो फक्त शनिवारी प्यायचा, आता आठवड्यातले चार-पाच दिवस पितो. परीक्षा आली की जागायला कसल्याशा गोळ्या घेतो आणि मग झोप यावी म्हणून गांजा ओढतो. सकाळी विषय काढला की म्हणतो, काही झालंच नाही, तू उगाच वाढवून सांगतोस. याला व्यसन म्हणायचं का? त्याच्या घरी सांगू का? सांगितलं तर तो माझ्याशी परत बोलणार नाही."

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'काही झालंच नाही, तू उगाच वाढवून सांगतोस.' तुला वाटतंय तो खोटं बोलतोय. मला वाटतं, निदान काही सकाळी तरी तो त्याच्या परीने खरं बोलत असतो, कारण त्याला आठवतच नाही.

वीसेक वर्षं मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून विद्यापीठातली मुलंमुली तपासते आहे. 'माझ्याकडून काही विशेष झालं नाही' असं मनापासून सांगणारी कितीतरी मुलं माझ्यासमोर बसली आहेत. यामागे ब्लॅकआउट असतो, आणि त्याबद्दल मोठा गैरसमज आहे. लोकांना वाटतं ब्लॅकआउट म्हणजे बेशुद्ध पडणं. ब्लॅकआउटमध्ये माणूस जागा असतो. चालतो, बोलतो, वाद घालतो, पैसे देतो, मेसेज पाठवतो, कधी गाडीही चालवतो. मात्र घडलेलं पक्क्या आठवणीत उतरवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, त्या वेळात काम करत नाही. रक्तातलं दारूचं प्रमाण झपाट्याने चढलं की असं होतं, म्हणून रिकाम्या पोटी भराभर पिणाऱ्यांमध्ये ते जास्त दिसतं. काहींची रात्र तुकड्यातुकड्यांनी हरवते, कुणी आठवण करून दिली की थोडी परत येते. पूर्ण ब्लॅकआउट झाला असेल तर कितीही खुणा सांगा, काही येत नाही. नोंदच झालेली नसते, तर सापडणार कुठून?

एका मुलाला मी सांगितलं होतं, पुढच्या वेळी बसाल तेव्हा प्रत्येक ग्लास भरताना वेळ आणि माप फोनमध्ये टिपून ठेव. पुढच्या आठवड्यात त्याने फोन माझ्यापुढे धरला. ९.१० ला ६० मिली. ९.२५ ला ६०. ९.४० ला ६०, पुढे एका मित्राचं नाव. चौथ्या ओळीत अक्षरं एकमेकांत अडकलेली. पाचवीत नुसता आकडा, वेळ नाही. त्याखाली स्क्रीन कोरी. "मग खोलीवर आलो," तो म्हणाला. त्याच्याबरोबर आलेला मित्र हळूच म्हणाला, "खोलीवर आपण दोन वाजता आलो. मध्ये तू दोघांशी भांडलास. मग गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसलास, पाय बाहेर सोडून." त्या मुलाने विचारलं, "किती मजले आहेत तिथे?" मित्र म्हणाला, "सहा."

तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला. मी आधी दोनदा त्याला यकृत, मेंदू, परीक्षा सगळं समजावून झालं होतं, पण त्याच्यावर परिणाम झाला तो त्या कोऱ्या जागेचा.

हिशोबही सांगते, कारण मुलांना हा हिशोब कुणी सांगितलेला नसतो. साधारण ४० टक्के अल्कोहोल असलेल्या दारूच्या ३० मिलीमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या पोटात ६० ग्रॅमच्या आसपास गेलं होतं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम बाहेर काढतं. कॉफी, थंड पाणी, लिंबू, चालून येणं, कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे नुसत्या त्या तीन ग्लासांना उतरायला सहा-सात तास तरी हवेत.

तुझ्या मित्राच्या रात्रींची आठवण आज त्याच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. पुढे मी जे सांगणार आहे ते सगळं यावर उभं आहे.

'व्यसन म्हणायचं का' याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० च्या दशकात 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी तयार करवून घेतली. गुण ० ते ४०. आठ किंवा त्याहून जास्त आले की पिणं घातक वळणावर आहे असं धरतात, वीस किंवा त्याहून जास्त आले तर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता तपासायलाच हवी. त्यातला आठवा प्रश्न असा आहे, की प्यायल्यामुळे आदल्या रात्रीचं न आठवणं गेल्या वर्षात किती वेळा झालं. आणि दहावा प्रश्न, की तुमच्या पिण्याबद्दल नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टर यांपैकी कुणी काळजी व्यक्त केली आहे का. म्हणजे तुला वाटणारी काळजी ही भांडण लावण्याची गोष्ट नाही. ज्यांनी ही चाचणी बनवली त्यांनी तिला लक्षणांच्या रांगेत बसवलं आहे. मात्र त्याच्या वतीने तू गुण मांडत बसू नकोस आणि निकाल तोंडावर फेकू नकोस. ही चाचणी त्याने स्वतः एकट्याने भरायची आहे.

आजकाल आम्ही व्यसनी आणि बिनव्यसनी असे दोनच कप्पे करत नाही. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत ११ निकष आहेत. ठरवलं त्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, तलफ येणं, त्यापायी अभ्यास बुडणं, संबंध बिघडूनही चालू ठेवणं, असे. बारा महिन्यांत दोन-तीन जुळले तर सौम्य, चार-पाच तर मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. विद्यापीठातली बहुतेक मुलं माझ्याकडे येतात तेव्हा सौम्य किंवा मध्यम टप्प्यात असतात, आणि या टप्प्यावर माणूस सहज मागे फिरू शकतो. खूप पिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचं पिणं शिक्षण संपल्यावर, नोकरी-संसार सुरू झाल्यावर आपोआप कमी होतं, हेही खरं आहे. पण कुणाचं कमी होईल आणि कुणाचं नाही हे आधी नेमकं कळत नाही, आणि तोवरच्या रात्री तर काढायच्याच असतात.

कुणाबद्दल मी जास्त सावध असते? ज्याच्या घरात, रक्ताच्या नात्यात दारूचं व्यसन आहे. ज्याने पंधराच्या आत सुरुवात केली. ज्याला नैराश्य आहे किंवा लहानपणी काही भयंकर सोसलेलं आहे. आणि जो छाती काढून सांगतो, 'मला चढतच नाही.' मित्रांमध्ये असल्या मुलाचं कौतुक होतं, शेवटी सगळ्यांना खोलीवर तोच पोचवतो. मार्क शुकिट या अमेरिकी संशोधकाने दारूचं व्यसन असलेल्यांच्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. विशीच्या सुमारास ज्यांना तेवढ्याच दारूने कमी चढत होती, त्यांच्यात पुढे व्यसन जास्त आढळलं. शरीर 'पुरे' असं सांगतच नाही, म्हणून हात थांबत नाही. तुझा मित्र असं म्हणत असेल तर ती धोक्याची खूण समज.

'सगळेच पितात' हे वाक्यही तू ऐकत असशील. एच. वेस्ली पर्किन्स आणि ॲलन बर्कोविट्झ यांनी १९८६ साली एका कॉलेजातल्या मुलांचा अभ्यास मांडला. इतर मुलांना जास्त पिणं जितकं मान्य आहे असं त्यांना वाटत होतं, तितकं ते प्रत्यक्षात मान्य नव्हतं. पुढे असंच ठिकठिकाणी दिसलं. कारण साधं आहे. जो मुलगा जिन्यात ओकतो त्याची गोष्ट आठवडाभर चालते. जो दहा वाजता झोपला त्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

आता गोळ्या आणि गांजा. तुझ्या पत्रातला हा भाग तू ओझरता लिहिला आहेस, पण मला त्याची काळजी दारूइतकीच वाटते, कारण तिन्ही मिळून एक रहाट तयार झाला आहे. जागं ठेवणारी गोळी झोप लांबवते. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. म्हणजे रात्रभर डोळे उघडे ठेवून वाचलेलं सकाळी पेपरात दगा देतं. ज्यांना लक्ष न लागण्याचा आजार खरोखर आहे त्यांना ही औषधं तपासून, ठरावीक मात्रेत दिली जातात आणि त्यांचा फायदा होतो. निरोगी मुलाला त्यातून मुख्यतः जाग आणि आत्मविश्वास मिळतो, हुशारी मिळत नाही. मग छाती धडधडते, झोप येत नाही म्हणून गांजा किंवा दारू. दारूने डोळा लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते आणि स्वप्नांची झोप घटते. सकाळी अंग जड, डोकं बंद, म्हणून पुन्हा गोळी. माझ्याकडे येणाऱ्या हुशार मुलांपैकी कितीतरी जण नशेच्या हौसेने अडकलेले नसतात, ते या रहाटात अडकलेले असतात. त्यांना आधी झोप दुरुस्त करून दिली की अर्धी लढाई सोपी होते.

गांजा 'नैसर्गिक' आहे, त्याची सवय लागत नाही, असं मुलं मला ठामपणे सांगतात. रोज ओढणाऱ्याने थांबवला की एक-दोन दिवसांत चिडचिड, झोपमोड, भूक जाणं, भडक स्वप्नं सुरू होतात. पहिल्या आठवड्यात हा त्रास शिगेला पोचतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. ही टर्कीच असते, म्हणजे नशा तुटल्यावर शरीराला होणारा त्रास, फक्त दारूच्या टर्कीसारखी जीवघेणी नसते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्वीडनमध्ये सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला आणि १९८७ साली निष्कर्ष आले. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेतलेल्यांच्या सुमारे सहापट होतं. इतर कारणं वजा केल्यावर हा फरक कमी झाला, पण गेला नाही. आणि आजच्या गांज्यात टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण तेव्हापेक्षा खूप जास्त असतं. बहुतेकांना हा आजार होत नाही. पण तुझा मित्र लोक आपल्याबद्दलच बोलताहेत, फोनमधून कुणीतरी पाळत ठेवतंय असं म्हणू लागला, कानात आवाज येऊ लागले, तर वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे न्यायचं.

जिवाचा प्रश्न येतो तो एखाद्याच रात्री, आणि त्या रात्री तू खोलीत असशील, मी नसेन. म्हणून हे नीट वाच. तो पडला आणि हाक मारून, हलवून, खांद्याला चिमटा काढूनही उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास घेत असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त अंतर पडत असेल, ओठ-नखं निळसर झाली असतील, अंग गार पडलं असेल, फिटचा झटका आला असेल किंवा अर्धवट शुद्धीत ओकत असेल, यांतलं एकही दिसलं तर रुग्णवाहिका बोलाव. सगळ्या खुणा जमा होण्याची वाट बघू नकोस. येईपर्यंत त्याला कुशीवर वळव, वरचा गुडघा पुढे दुमडून, तोंड खालच्या बाजूला कलतं, आणि सोडून जाऊ नकोस. 'झोपू दे, उतरेल' हे वाक्य घातक आहे, कारण शेवटचा ग्लास संपल्यावरही पोटातली दारू रक्तात जातच असते आणि तो निजल्यानंतर प्रमाण आणखी चढू शकतं. ओकारी काढायला लावू नकोस, आंघोळ घालू नकोस, कॉफी पाजू नकोस.

दारूबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा अफूजन्य काही घेतलं असेल तर श्वास बंद पडण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांग, पाकीट सापडलं तर बरोबर ने. अफूजन्य पदार्थांवर नॅलोक्सोन हा उतारा आहे, पण त्याचा असर ३० ते ९० मिनिटं टिकतो, नशा त्याहून जास्त वेळ राहू शकते. म्हणून तो देऊन माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यावंच लागतं. तुमच्यावर कारवाई होईल ही भीती मला कळते. भीतीपोटी तासभर उशिरा आणलेली मुलं मी पाहिली आहेत. तो तास परत मिळत नाही.

आता बोलायचं कसं. तो प्यायलेला असताना नाही, हँगओव्हरमध्येही नाही. शुद्धीत असेल, पोट भरलेलं असेल, घाई नसेल, आणि फक्त तुम्ही दोघंच असाल अशी वेळ निवड. चार मित्रांनी घेरून 'समजावणं' चित्रपटात चांगलं दिसतं, खऱ्या आयुष्यात माणूस आणखी आत जातो. व्यसन, दारुडा, आयुष्य बरबाद हे शब्द वापरू नकोस. तू जे पाहिलंस तेवढंच सांग, वार आणि वेळेसकट. "मंगळवारी तू सव्वा वाजता आलास. दाराला किल्ली लागत नव्हती. माझ्या बेडवर ओकलास आणि मला दुसऱ्याच नावाने हाक मारलीस. मी पहाटेपर्यंत तुझा श्वास मोजत बसलो होतो. मला भीती वाटली." बस, एवढंच. मग गप्प राहा. तो चिडेल, हसण्यावारी नेईल, तुझ्या चुका काढेल. वाद घालू नकोस. हे बोलणं त्याच्या आत रुजायला कधी एक दिवस लागतो, कधी दोन महिने.

मी हे असं का सांगते? विल्यम मिलर यांनी १९८३ साली मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवलेली एक संवादपद्धत आम्ही वापरतो. तिचा गाभा असा, की बदलण्याची कारणं समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. आपण जितका जोर लावून 'सोड' म्हणतो तितका तो 'का सोडू नये' याची बाजू मांडतो, आणि स्वतःचं ऐकता ऐकता त्याला ती बाजू पटत जाते. म्हणून उपदेशाऐवजी प्रश्न विचार. "तुला यातलं काय आवडतं, आणि काय नको वाटतं?" दोन्ही भाग मनापासून विचारायचे. आवडणारा भाग ऐकून घेतलास तर नकोसा भाग तो आपणहून सांगेल.

त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट, आणि ही तुला जड जाईल. झाकणं थांबव. त्याची प्रॉक्सी लावणं, सबमिशन लिहून देणं, त्याच्या आईचा फोन आला की 'तो लायब्ररीत आहे' सांगणं, सकाळी त्याच्या आधी उठून फरशी पुसणं. हे सगळं तू प्रेमाने करतोस हे मला ठाऊक आहे. पण त्यामुळे जे थोडंफार त्याच्या डोळ्यांना दिसलं असतं तेही नाहीसं होतं. आठवण दारू पुसते, खुणा तू पुसतोस. फरशी तशीच राहू दे. त्याला आधी सांगून ठेव, "यापुढे मी खोटं बोलणार नाही, पण दवाखान्यात यायला लागलं तर रात्री तीन वाजताही येईन."

घरी सांगण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो बेशुद्ध पडला, झटका आला, पिऊन गाडी चालवतो, सुई घेतो, किंवा मरण्याबद्दल बोलतो, तर त्याच दिवशी कुणातरी जबाबदार मोठ्या माणसाला सांग, त्याची परवानगी न मागता. मरणाचा विचार येतो का हे थेट विचारायला घाबरू नकोस. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. यांतलं काही नसेल तर आधी त्याला कळव: "तू दोन आठवड्यांत समुपदेशकाकडे आला नाहीस तर मी तुझ्या ताईला सांगणार आहे." नेमकं कुणाला सांगायचं याचाही विचार कर. ज्या घरात मारहाण होते किंवा वडील स्वतः पितात तिथे वडिलांना फोन करून काही साधत नाही. मामा, आत्या, मोठी बहीण, ज्याच्याबद्दल तो प्रेमाने बोलतो ते माणूस निवड. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका मुलीच्या आईला तिला न विचारता फोन केला होता. तिच्या जिवाला धोका नव्हता. मी घाबरले आणि घाई केली. ती परत कधी माझ्याकडे आली नाही, आणि ते मला आजही लागतं.

समुपदेशकाकडे काय होतं याची मुलांना उगाच धास्ती असते. पहिली भेट बहुधा बोलण्याचीच असते, आणि जिवाला धोका नसेल तर तिथलं बोलणं बाहेर जात नाही. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी बसवलेला कार्यक्रम तर जेमतेम दोन भेटींचा आहे, आणि त्याने पिणं आणि त्यातून होणारं नुकसान कमी झाल्याचं त्यांनी दाखवलं. सगळ्यांना दाखल व्हावं लागत नाही. फक्त एक जपायचं: जो रोज भरपूर पितो, सकाळी हात थरथरतात, प्यायल्यावरच थांबतात, त्याने एका झटक्यात आपल्या मनाने दारू सोडायची नाही. शेवटच्या ग्लासानंतर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. अशांना औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावं लागतं. आणि महिन्याभराने तो पुन्हा प्यायला तर 'सगळं फुकट गेलं' म्हणू नकोस. घसरणं या आजारात होतंच. कुठे, कुणाबरोबर, काय झाल्यावर घसरला, हे दुसऱ्या दिवशी माझ्यासारख्या कुणाला कळलं तर पुढची घसरण टाळायला तेच कामी येतं.

पहिल्या भेटीला तू बरोबर जा. गच्चीवर बसलेल्या त्या मुलाचा मित्र नंतरच्या प्रत्येक भेटीला यायचा. आत येत नसे. बाहेरच्या बाकावर दोघांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसायचा. एकदा दार उघडलं तर तो तसाच, बॅगांवर डोकं ठेवून गाढ झोपला होता. मी विचारल्यावर कळलं, गेले पाच महिने तो रात्री नीट झोपलाच नव्हता.

तू पहाटेपर्यंत जागत असशील तर समुपदेशकाकडे एक वेळ स्वतःसाठीही घे. तो यायला तयार नसला तरी तू जा. आणि तू किती तास झोपतोस ते मला कळव.